कलकत्त्याची एक तुकडी

१९२० साली कलकत्ता विद्यापीठाने एक पुस्तक छापले. आइनस्टाइन आणि मिंकोव्स्की यांचे सापेक्षतेवरचे मूळ जर्मन निबंध त्यात इंग्रजीत आणले होते. भाषांतरकार दोघे होते, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस. ऐतिहासिक प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांची होती. साहा आणि बोस तेव्हा अवघे २६ वर्षांचे. भाषांतर करताना दोघांपैकी कोणीही युरोप पाहिलेला नव्हता. दोघांची एम.एस्सी. भौतिकशास्त्राची नव्हे, तर मिश्र गणिताची. आणि ज्या भाषेतून ते भाषांतर करत होते, ती जर्मन त्यांनी गरजेपोटी शिकून घेतलेली.

या दोघांच्या बुद्धीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण बुद्धिमान मुले कुठल्याही काळी, कुठल्याही गावच्या वर्गात थोडीफार असतातच. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १९०९ ते १९१५ या काळात नवल घडले ते वेगळेच. एकाच तुकडीत बोस, साहा, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, निखिलरंजन सेन अशी मुले शेजारी शेजारी बसली होती. महालनोबिस त्यांच्या एक वर्ष पुढे. घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले, मुखर्जींनी कलिलांच्या रसायनशास्त्रात नाव मिळवले, सेनांनी उपयोजित गणितात. एका वर्गाचे एवढे पीक येते तेव्हा बियाण्याइतकाच विचार जमिनीचाही करायला हवा. ही जमीन कशी तयार झाली, आणि पुढे आपण तिचे काय केले, हा या लेखाचा विषय आहे.

हिंदुस्थानात विज्ञानशिक्षणाची मागणी जुनी आहे. डिसेंबर १८२३ मध्ये राममोहन राय यांनी गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांना पत्र लिहिले. सरकार नव्या संस्कृत पाठशाळेवर पैसा खर्च करणार होते. त्याऐवजी गणित, निसर्गविज्ञान, रसायन आणि शरीरशास्त्र शिकवा, शिकलेले शिक्षक नेमा, पुस्तके आणि उपकरणे असलेले कॉलेज काढा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी उपकरणांचा उल्लेख मुद्दाम केला होता. पाठशाळा मात्र ठरल्याप्रमाणे निघाली.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली तीही लंडन विद्यापीठाच्या साच्यावर. म्हणजे ही विद्यापीठे शिकवत नसत, परीक्षा घेत. अभ्यासक्रम ठरवणे, प्रश्नपत्रिका काढणे, निकाल लावणे आणि पदव्या वाटणे एवढेच त्यांचे काम. शिकवणे हे संलग्न कॉलेजांकडे. अशा व्यवस्थेत जे तीन तासांत कागदावर लिहून दाखवता येते, त्याला किंमत येते. साहित्य, इतिहास, गणित या साच्यात बसले. रसायन आणि भौतिकशास्त्र बसवले गेले, पण पुस्तकातले पाठ म्हणून. कलकत्त्यात बी.ए.चे दोन मार्ग असत. 'ए' कोर्स साहित्याकडे झुकलेला, 'बी' कोर्स विज्ञानाकडे. विज्ञान शिकणारा विद्यार्थीही शेवटी बी.ए.च होई.

त्या काळी विज्ञान शिकण्याची हौस किती आडवाटेने भागवावी लागे, हे प्रफुल्लचंद्र राय यांच्या विद्यार्थिदशेत दिसते. ते विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये होते. तिथे रसायनाची सोय नव्हती, म्हणून बाहेरचा विद्यार्थी म्हणून ते प्रेसिडेन्सीत अलेक्झांडर पेडलर यांच्या व्याख्यानांना जाऊन बसत. पेडलर टेबलावर प्रयोग करून दाखवत आणि मुले लांबून बघत. राय आणि त्यांच्या एका सहाध्यायाने त्या मित्राच्या बिऱ्हाडावरच छोटी प्रयोगशाळा थाटली. एकदा पत्र्याच्या घरगुती फुंकनळीत ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा स्फोट झाला. दोघे थोडक्यात बचावले. या आठवणीकडे गंमत म्हणून पाहता येते. पण पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने वायू तयार करून बघायचा असेल तर कॉलेजात जागा नव्हती, हीही तिची बाजू आहे.

कॉलेजाबाहेर एक जागा मात्र तयार होत होती. १८७६ मध्ये डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी वर्गणी गोळा करून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था काढली. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर लाफाँ यांचा तिला मोठा आधार होता. हे लाफाँ उपकरणांसह व्याख्याने देत आणि ती ऐकायला शहर लोटत असे. त्यांच्याच वर्गात जगदीशचंद्र बोस शिकले.

जगदीशचंद्र केंब्रिज आणि लंडनच्या पदव्या घेऊन १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांना देऊ केलेला पगार त्याच कामाच्या युरोपीय प्राध्यापकापेक्षा बराच कमी होता. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि पगारही घेतला नाही. तीन वर्षे बिनपगारी शिकवत राहिले. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील बाकीसह दिला. संशोधनासाठी त्यांना मिळाली ती एक चिंचोळी खोली. उपकरणे त्यांनी देशी कारागिरांकडून करून घेतली आणि तिथेच काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवरचे त्यांचे काम झाले. १८८९ मध्ये एडिंबराहून डी.एस्सी. होऊन आलेले प्रफुल्लचंद्र राय त्याच कॉलेजात रुजू झाले, तेही दरमहा २५० रुपयांवर.

या दोघांचे संशोधन सर्वांना माहीत आहे. त्यांच्या वर्गातल्या मुलांना त्याचा जो उपयोग झाला, तो कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेला नव्हता. व्याख्यान देणारा माणूस तास संपल्यावर शेजारच्या खोलीत जाऊन नवे काही शोधतो, हे त्यांना रोज दिसत होते. पुस्तकातले विज्ञान संपूर्ण झालेले असते; इथे ते अर्धवट, चालू अवस्थेत होते. राय तर खालच्या वर्गांना स्वतः शिकवण्याचा आग्रह धरत. नव्याने आलेल्या मुलांची मने ओल्या मातीसारखी असतात, घडवायची तर तेव्हाच, असे त्यांचे मत होते. आजही कित्येक विभागांत पहिल्या वर्षाचे तास सर्वांत कनिष्ठ शिक्षकाच्या गळ्यात मारले जातात, त्या पार्श्वभूमीवर हा आग्रह लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९०४ चा विद्यापीठ कायदा कर्झनच्या कारकिर्दीत आला आणि राष्ट्रीय वृत्तीच्या सर्वांनी त्याला विरोध केला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेले आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेले गोपाळ कृष्ण गोखले विधिमंडळात या विधेयकाविरुद्ध बोलले. सिनेटमध्ये सरकारी माणसांची भरती करून विद्यापीठे मुठीत घ्यायची, हा त्यातला हेतू त्यांना स्पष्ट दिसत होता, आणि तो होताच. पण त्याच कायद्यात दोन कलमे अशी होती की ज्यांनी विज्ञानाचे चित्र पालटले. विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची आणि प्रयोगशाळा काढण्याची मुभा मिळाली. आणि प्रायोगिक विज्ञानासाठी संलग्नता मागणाऱ्या कॉलेजाला सुसज्ज प्रयोगशाळेची व्यवस्था दाखवावी लागणार होती. १९०६ ते १९१४ या काळात कलकत्त्याचे कुलगुरू असलेले आशुतोष मुखर्जी हे न्यायाधीश आणि मूळचे गणिती. विद्यापीठ आवळण्यासाठी केलेल्या कायद्यातून त्यांनी विद्यापीठ वाढवण्याची वाट काढली. नव्या नियमांनी विज्ञानाची वाट कलाशाखेपासून पक्की वेगळी झाली.

याच सुमारास फाळणीविरोधी चळवळ पेटली होती. परदेशी कापडाच्या होळ्या पाहिलेल्या मुलांना रसायन आणि भौतिकशास्त्र हे देशकार्य वाटू लागले. रायांनी बेंगॉल केमिकल हा कारखाना उभारून ही भावना कृतीत उतरवून दाखवलीच होती. १९०९ मध्ये इंटरमीजिएटच्या वर्गात येऊन बसलेली मुले या हवेतली होती.

मेघनाद साहा या तुकडीत दोन वर्षांनी, १९११ मध्ये, डाक्क्याहून आले. शेवडातली नावाच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा. शिक्षणासाठी दुसऱ्याच्या घरी राहिलेला. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवेळच्या निषेधात भाग घेतल्याबद्दल शाळेतून काढला गेलेला आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावलेला. कलकत्त्यात तो ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये राहिला. साहा ही जात तिथल्या उच्चवर्णीयांच्या पंक्तीला चालत नसे. काही मुलांनी त्याच्याबरोबर एका खोलीत जेवायला हरकत घेतली; सरस्वतीपूजेच्या वेळीही त्याला दूर ठेवले गेले. विद्येच्या देवतेपासून दूर ठेवलेला हा मुलगा बी.एस्सी.ला दुसरा आला, एम.एस्सी.लाही दुसराच. दोन्ही वेळा पहिले आले सत्येंद्रनाथ बोस. प्रयोगशाळेत आणि वर्गात ज्यांच्या शेजारी बसायचे, त्यांच्याच शेजारी जेवता येत नाही, हा अनुभव साहा विसरले नाहीत. पुढे त्यांच्या लिखाणात आणि राजकारणात जातिव्यवस्थेविषयीची जी धार दिसते, तिचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्या सुवर्णकाळाचे गोडवे गाताना ही पंगत गाळून चालणार नाही.

१९१५ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर या मुलांपुढे प्रश्न होता, आता काय? उत्तर आशुतोषांनी तयार ठेवले होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी विद्यापीठाला मोठ्या देणग्या दिल्या होत्या. त्यातून निघणारी प्राध्यापकपदे हिंदी माणसालाच मिळावीत, अशी अट होती. त्यातून १९१४ मध्ये सायन्स कॉलेजची कोनशिला बसली आणि १९१६ मध्ये बोस आणि साहा तिथे अध्यापक झाले. इमारत उभी राहिली, वर्ग सुरू व्हायचे होते, पण शिकवणार कोण? देवेंद्रमोहन बोस महायुद्धामुळे जर्मनीत अडकले होते. अर्थखात्यातली नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन यायला १९१७ उजाडले. तेव्हा भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग या दोन गणितवाल्यांनी चालवले. जे शिकवायचे ते आधी स्वतः शिकायचे, असा मामला होता. साहांनी उष्मागतिकी शिकवता शिकवता शिकली.

पुस्तकेही नव्हती. युद्धामुळे युरोपातली नियतकालिके येईनाशी झाली होती. शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ब्रूल नावाचे जर्मनभाषक प्राध्यापक होते. त्यांच्या संग्रहात प्लँक, बोल्ट्झमन यांचे ग्रंथ होते. ते उसने आणून, जर्मन वाचत वाचत ही मंडळी पुंजवादापर्यंत पोहोचली. साहा डाक्क्यात असतानाच जर्मन थोडेफार शिकले होते. १९२० चे ते भाषांतर या गरजेतून जन्मले. आपल्या वर्गातल्या मुलांना वाचता यावे, म्हणून दोन तरुण मास्तरांनी एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत आइनस्टाइन आणला. आपल्या भाषांतरपरंपरेच्या इतिहासात या पुस्तकाची नोंद क्वचितच होते, व्हायला हवी.

त्याच वर्षी साहांचा सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरचा निबंध प्रसिद्ध झाला. ताऱ्यांच्या वर्णपटातल्या रेषांवरून त्यांचे तापमान काढण्याची किल्ली त्यात होती, आणि तिच्या मुळाशी होती तीच शिकवताना शिकलेली उष्मागतिकी. बोस १९२१ मध्ये नव्या डाक्का विद्यापीठात गेले. तिथे प्लँकचा नियम मुलांना शिकवताना त्यांना त्याच्या प्रचलित सिद्धतेत खोट दिसू लागली. एका हाताने जुन्या भौतिकीला नाकारायचे आणि दुसऱ्या हाताने तिचीच सूत्रे वापरायची, हे त्यांना पटेना. १९२४ च्या वसंतात साहा त्यांच्याकडे मुक्कामाला आले असता दोघांचे या विषयावर बोलणे झाले, ताज्या निबंधांची चर्चा झाली. जूनमध्ये बोसांनी आपली नवी सिद्धता थेट आइनस्टाइनकडे पाठवली. पत्रात त्यांनी आठवण करून दिली की कलकत्त्याहून कोणीतरी आपले निबंध भाषांतरित करण्याची परवानगी मागितली होती; त्यातल्या व्यापक सापेक्षतेच्या निबंधाचा अनुवादक मीच. आइनस्टाइनने बोसांचा निबंध स्वतः जर्मनमध्ये उतरवला आणि छापून आणला. भाषांतराची परतफेड भाषांतराने झाली. बोस-आइनस्टाइन सांख्यिकी म्हणून जग जे ओळखते, ते वर्गातल्या फळ्यावरच्या एका अडचणीतून निघाले आहे.

या वर्गात कोण नव्हते, तेही पाहिले पाहिजे. मुली नव्हत्या. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायन हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन कमला भागवत बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले रसायनज्ञ. कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला तेव्हा संचालक रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या बंगळूरला जाऊन ठाण मांडून बसल्या. अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळावर, मुलांचे लक्ष विचलित होऊ नये अशा अटीसह, प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाल्या. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या बी.एस्सी. ऑनर्स असलेल्या अण्णा मणी यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर काम करून प्रबंध सादर केला, एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. डॉक्टरेट बोसांकडेही नव्हती, पण बोसांना त्यापायी प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहावे लागले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर विज्ञानावर पैसा खर्च झाला, संस्था निघाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्येच निघाली होती. १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आणि दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली. अणुऊर्जेचे स्वतंत्र खाते झाले. संशोधन हे मोठे, खर्चिक, एकाग्र काम आहे, त्याला वेगळी जागा हवी, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पण साहांना त्यात धोका दिसत होता. आधी विद्यापीठांत अणुभौतिकीचे शिक्षण आणि संशोधन रुजवा, मग आयोग काढा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. त्यांनी आपली अणुभौतिकी संस्था कलकत्ता विद्यापीठाच्या आवारात उभी केली. १९५० मध्ये तिचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. उष्णतेवरचे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे जाडजूड पाठ्यपुस्तक श्रीवास्तवांबरोबर लिहिणारा हा माणूस होता. बी.एस्सी.चा वर्ग म्हणजे विज्ञानाचा ओटा नव्हे, पाया आहे, हे त्याला स्वानुभवाने ठाऊक होते.

पुढे नेमके तेच झाले. संशोधक संस्थांमध्ये गेले आणि पदवीचे विद्यार्थी कॉलेजांत राहिले. कॉलेजांकडे उरले ते १८५७ चे काम, परीक्षेची तयारी. बी.एस्सी. केलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. सीनियर मुलांकडून उतरवलेले जर्नल, उत्तर आधी माहीत असल्याने उलटीकडून जुळवलेली रीडिंग, शेवटच्या आठवड्यात सह्यांसाठी लागलेली रांग, आणि व्हायवाला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकाची धास्ती. यात मुलांचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा फार. बरोबर उत्तरालाच गुण असतील, तर चुकीचे रीडिंग कोण लिहील?

आणि चुकलेल्या, न बसणाऱ्या रीडिंगमध्येच पुष्कळदा काही दडलेले असते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्यार्थी असताना रामन स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा कोन मोजत होते. आजही प्रत्येक बी.एस्सी.वाला हा प्रयोग करतो. त्यांना दिसले की तिरप्या पडलेल्या प्रकाशाचे विवर्तनपट्टे दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. प्रयोगाच्या उत्तराशी याचा काही संबंध नव्हता. सोडून देता आले असते. त्यांनी सोडले नाही. नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये त्यावरचा निबंध छापून आला, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. आपल्या प्राध्यापकांनी त्यांना मोकळे सोडले होते, हे इथे महत्त्वाचे.

तुटलेला धागा जोडण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. २००६ पासून पुणे आणि कोलकाता येथे, आणि मग इतरत्र, आयसर निघाल्या. संशोधकांनीच पदवीच्या मुलांना शिकवावे, हा त्यांचा पायाच आहे. शंभर वर्षे पदवीचे विद्यार्थी न घेतलेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये पदवीचा वर्ग सुरू केला. या संस्था चांगल्या आहेत, पण त्यांच्या जागा मोजक्या आहेत. देशातली बहुसंख्य मुले भौतिकशास्त्र आणि रसायन शिकतात ती तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कॉलेजांत, जिथे उपकरणांची कपाटे कुलूपबंद असतात आणि निम्म्या जागा तासिका तत्त्वावर भरलेल्या असतात.

शेवडातलीचा मुलगा आज निघाला तर तो अशाच एखाद्या कॉलेजात येईल. १९११ च्या कलकत्त्यातही उपकरणे थोडी होती, पुस्तके उसनी होती आणि पंगत वेगळी होती. पण टेबलाच्या पलीकडे उभा असलेला मास्तर स्वतः अजून शोधत होता, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला शिकवणे त्याला कमीपणाचे वाटत नव्हते. साहा आणि बोस यांना त्या कॉलेजाने दिलेले सर्वांत मोलाचे धन ते होते. ते पुन्हा द्यायचे तर नव्या इमारतींआधी ती कुलूपबंद कपाटे उघडावी लागतील आणि तासिकेवर राबणाऱ्या शिक्षकाला पूर्ण पगाराची नोकरी द्यावी लागेल. पूर्ण पगारासाठी जगदीशचंद्र तीन वर्षे झगडले होते. ती मागणी आजही जुनी झालेली नाही.